भूकंप, पूल आणि वाटांचा हिशेब

नववीच्या वर्गात एकदा आम्ही किल्लारीच्या भूकंपाविषयी बोलत होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपी गेलेली गावे, दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांखाली गाडली गेलेली हजारो माणसे हे सारे सांगून झाले. वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, असा भूकंप झाला तर आमच्या गावचा पूल राहील का? पूल गेला तर आमच्या वस्तीला दुसरी वाट नाही."

आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. पुलाच्या पोटात किती लोखंड असते याची आम्हांस काय कल्पना? पण प्रश्न मनातून जाईना. पुढे सवड मिळेल तसे आम्ही या विषयाचे वाचन केले आणि ध्यानात आले की हा प्रश्न निम्मा अभियांत्रिकीचा आहे व निम्मा इतिहासाचा. पूल कसा पडतो हे अभियंता सांगतो. तो पूल कोठे बांधला गेला, कोणाच्या घरांवरून गेला आणि आधी कोणता दुरुस्त होतो, हे समजण्यास इतिहास लागतो. या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांना व पालकांना समजतील अशा रीतीने मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू होय.

ओकलंडचा दुमजली रस्ता

प्रारंभी एक प्रत्यक्ष घडलेली घटना पाहू. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी ओकलंड नावाचे शहर आहे. या शहराच्या पश्चिम भागात प्रामुख्याने कृष्णवर्णीय श्रमिकांची वस्ती होती. १९५० च्या दशकात या वस्तीच्या मधोमध सायप्रेस नावाचा दुमजली उड्डाणमार्ग उभारण्यात आला आणि १९५७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. त्यासाठी घरे पाडली गेली व वस्तीचे दोन तुकडे झाले. वरून मोटारी धावू लागल्या. खाली राहिल्या सावली, धूळ आणि गोंगाट. आपल्या वाचकांस या पश्चिम ओकलंडची आणखी एक ओळख सांगता येईल. ज्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, ती चळवळ १९६६ मध्ये याच ओकलंड शहरात जन्मास आली.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.९ होती व केंद्र ओकलंडपासून सुमारे ९० किलोमीटर दूर, सांताक्रूझच्या डोंगरांत होते. भूमी हादरली ती अवघी पंधरा सेकंदांच्या आसपास. तेवढ्यात सायप्रेस मार्गाचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा वरचा मजला खालच्या मजल्यावर कोसळला आणि ४२ माणसे दगावली. त्या भूकंपात एकूण ६३ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे दर तिघांपैकी दोघे या एकाच रस्त्यावर गेले.

मदतीस प्रथम कोण धावले? शिड्या, दोर, हाताला लागेल ते साहित्य घेऊन त्या कोसळलेल्या रस्त्यावर आधी चढले ते आसपासच्या कारखान्यांतील कामगार आणि त्याच वस्तीतील रहिवासी. ज्या रस्त्याने त्यांची वस्ती चिरली होती, त्या रस्त्यावर अडकलेल्या अनोळखी प्रवाशांना त्यांनी बाहेर काढले. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

जोखीम म्हणजे काय?

व्यवहारात आपण धोका, संकट, जोखीम हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. या शास्त्रात मात्र जोखीम तीन गोष्टींच्या गुणाकारातून ठरते. पहिली, त्या ठिकाणी भूमी किती जोराने हादरण्याची शक्यता आहे. दुसरी, तेथील बांधकाम त्या हादऱ्यापुढे किती दुबळे आहे. तिसरी, ते बांधकाम पडल्यास किती माणसांचे व कोणत्या व्यवहारांचे किती नुकसान होईल. गुणाकार म्हणण्याचे कारण असे की तिन्हींपैकी एक जरी शून्य असेल तर जोखीम शून्य होते. निर्जन वाळवंटातील भूकंप कितीही प्रचंड असो, तेथे पूलच नसेल तर पडणार काय? उलटपक्षी, मध्यम भूकंप, दुबळा पूल व गजबजलेली वाट एकत्र आली की सायप्रेस घडते.

पहिल्या घटकाचा विचार करताना एक गैरसमज दूर करावा लागतो. भूकंपाची तीव्रता हा एकच आकडा असतो व तो भूगर्भात मुक्त झालेली ऊर्जा सांगतो. तो एका अंकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. पुलाला मात्र त्या आकड्याशी कर्तव्य नसते. आपल्या पायाखालची भूमी किती हलली, एवढेच त्याला जाणवते. ते अंतरावर अवलंबून असते आणि तितकेच मातीवरही. सायप्रेस मार्गाचा जो भाग उपसागराच्या मऊ गाळावर उभा होता तो कोसळला. त्याच रस्त्याचा जो भाग अधिक घट्ट भूमीवर होता तो उभा राहिला. मऊ गाळ हादऱ्याला वाढवतो. केंद्रापासून ९० किलोमीटर दूर असूनही ओकलंडमध्ये एवढा संहार का झाला, याचे एक मोठे उत्तर त्या गाळात आहे.

हादऱ्याची शक्यता सांगण्याची एक पद्धत म्हणजे पुनरावृत्तीचा काळ. "४७५ वर्षांचा भूकंप" असे म्हटले की तो ४७५ वर्षांनी एकदा नेमाने येईल, असा समज होतो. तसे नाही. कोणत्याही एका वर्षी त्या किंवा त्याहून मोठ्या हादऱ्याची शक्यता ४७५ मध्ये एक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुलाचे आयुष्य ५० वर्षे धरले तर त्या काळात असा हादरा बसण्याची शक्यता सुमारे १० टक्के निघते. जगातील अनेक संहितांत हेच प्रमाण पायाभूत मानले जाते. नकाशे मात्र माणसे काढतात व ती चुकू शकतात. १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर भारताच्या भूकंपीय नकाशावर क्षेत्र एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता. २००२ मध्ये हा नकाशा सुधारण्यात आला, क्षेत्र एक हा वर्गच रद्द झाला व लातूर परिसर क्षेत्र तीनमध्ये गेला. हजारो माणसांच्या मृत्यूनंतर ही दुरुस्ती झाली, हे इतिहासाच्या शिक्षकाने विसरता कामा नये.

पूल कसा पडतो?

घर व पूल यांत एक मूलभूत फरक आहे. घराच्या भिंती व छत अनेक ठिकाणी एकमेकांस धरून असतात. साध्या पुलाची तुळई मात्र दोन टोकांच्या आधारांवर केवळ टेकलेली असते. भूमी हादरली की दोन्ही आधार एकाच वेळी एकाच दिशेने हलतील, असे नाही. ते एकमेकांपासून दूर सरकले आणि टेकण्याची जागा अरुंद असली की तुळई घसरून खाली येते. पाट दोन विटांवर ठेवावा आणि एक वीट ओढून घ्यावी, तसे. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात कॅलिफोर्नियातील नवे उड्डाणमार्ग असेच निखळले. त्यानंतर तेथील राज्य शासनाने पुलांचे सांधे पोलादी तारदोरांनी एकमेकांस बांधण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला.

दुसरा प्रकार खांबांचा. काँक्रीटच्या खांबात उभ्या सळ्या असतात व त्यांभोवती आडव्या कड्या. उभ्या सळ्या भार पेलतात; कड्यांचे काम काँक्रीटला आवळून धरण्याचे. १९७१ पूर्वी कॅलिफोर्नियात या कड्या सुमारे ३० सेंटीमीटरच्या अंतराने घालत. हादऱ्यात खांब वाकला की त्याचे बाहेरचे कवच फुटते, कड्या विरळ असल्याने आतले काँक्रीट भुगा होऊन निसटते आणि सळ्या केरसुणीच्या काड्यांसारख्या फाकतात. कड्या दाट असतील तर खांब वाकतो, त्याला भेगा पडतात, पण तो भार सोडत नाही. मोडण्यापूर्वी वाकण्याची ही क्षमता हाच भूकंपरोधक बांधकामाचा प्राण होय. जुन्या खांबांना पोलादी पत्र्याचे वेष्टन घालून ही क्षमता बाहेरूनही देता येते.

सायप्रेसच्या बाबतीत दोष खांब व तुळई यांच्या सांध्यांत होता. तेथे पुरेशा कड्या नव्हत्या. सांधा फुटला, वरचा खांब बाहेर निसटला आणि मजला खाली आला. याच मार्गाला १९७० च्या दशकात तारदोर बसवण्यात आले होते. म्हणजे त्याची दुरुस्ती झाली होती, पण जेथे खरा दुबळेपणा होता तेथे झाली नव्हती. मागील भूकंपाने शिकवलेला धडा गिरवला गेला. पुढील भूकंपाने दुसराच प्रश्न विचारला.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानच्या कोबे शहरात हान्शिन उड्डाणमार्गाचा ६३५ मीटर लांबीचा भाग एका कुशीवर आडवा झाला. एकेका खांबावर उभा असलेला तो मार्ग १९६० च्या दशकातील समजुतीप्रमाणे बांधलेला होता. द्रुतगती रेल्वेचे उन्नत पूलही त्याच पहाटे कोसळले. त्या दिवसाची पहिली गाडी अजून सुटलेली नव्हती, म्हणूनच मोठा अनर्थ टळला.

तिसरा प्रकार भूमीचाच. पाण्याने भरलेली सैल वाळू जोराने हलली की काही काळ द्रवासारखी वागते. १९६४ च्या जपानमधील निगाता भूकंपात शोवा नावाचा पूल यामुळे पडला. तो वाहतुकीस खुला होऊन महिनाही झाला नव्हता. पूल नवा आहे म्हणून तो सुरक्षित आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात घ्यावे.

मूल्यमापनाची रीत

हजारो पूल असलेल्या राज्यात प्रत्येक पुलाची सखोल तपासणी एकदम करणे अशक्य. म्हणून काम टप्प्यांनी चालते. प्रथम नोंदवही तयार होते: बांधकामाचे वर्ष, प्रकार, लांबी, खांब किती व कसे, तुळई टेकण्याची रुंदी, पायाखालची माती. यावरून संशयास्पद पूल वेगळे काढतात. नंतर प्रत्यक्ष पाहणी व मूळ आराखड्यांची छाननी होते. शेवटी निवडक पुलांचे गणित मांडून पाहतात.

या गणिताचे उत्तर "पडेल" किंवा "पडणार नाही" असे येत नाही. हादरा इतका असेल तर किरकोळ, मध्यम, गंभीर अथवा संपूर्ण नुकसान होण्याची शक्यता किती टक्के, अशा रूपात ते येते. हादरा वाढत जातो तसे हे टक्के वाढत जातात. आलेखावर काढलेल्या या चढत्या रेषांना त्या पुलाच्या दुबळेपणाची वक्ररेषा म्हणता येईल. एकाच काळी, एकाच पद्धतीने बांधलेल्या पुलांच्या रेषा सारख्या असतात, त्यामुळे शेकडो पुलांचा अंदाज थोड्या श्रमात बांधता येतो. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची संगणकीय नोंदवही २०१६ पासून सुरू झाली आणि रस्त्यांवरील पुलांच्या भूकंपरोधक रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तथापि गावकुसाबाहेरच्या ओढ्यावरील लहान पूल अशा नोंदवह्यांत शेवटी येतात.

एक पूल आणि सारे जाळे

येथवर एकेका पुलाचा विचार झाला. परंतु माणूस पुलावर राहात नाही. तो पुलावरून कोठेतरी जातो. म्हणून खरा प्रश्न वाटांच्या जाळ्याचा आहे.

एक साधे गणित मांडू. गावापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत एकच रस्ता आहे व त्यावर पाच पूल आहेत. प्रत्येक पूल भूकंपात टिकण्याची शक्यता ९० टक्के आहे. ऐकण्यास हे प्रमाण चांगले वाटते. परंतु रुग्णवाहिका पोचण्यासाठी पाचही पूल टिकले पाहिजेत. ०.९ ला पाच वेळा गुणले की उत्तर येते सुमारे ०.५९. म्हणजे वाट चालू राहण्याची शक्यता ५९ टक्केच. आता अशाच पाच पुलांचा दुसरा एक रस्ता उपलब्ध असेल, तर दोहोंपैकी एक तरी वाट चालू राहण्याची शक्यता सुमारे ८३ टक्के होते. पर्यायी वाटेचे मोल हे असे आहे. येथे एक सावधगिरी हवी. दोन्ही रस्त्यांना हादरा एकाच भूकंपाचा बसतो. दोन्हींवरचे पूल एकाच काळातले, एकाच घडणीचे असतील तर ते बहुधा एकदमच पडतील व कागदावरचे ८३ टक्के प्रत्यक्षात बरेच खाली येतील.

लोमा प्रिएटाच्या वेळी ओकलंड व सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा सुमारे १५ मीटरचा एक तुकडा खाली आला. तुकडा लहान, परंतु संपूर्ण पूल महिनाभर बंद राहिला. तरीही दोन्ही शहरांचा संबंध तुटला नाही, कारण उपसागराच्या तळातून जाणारी बार्ट रेल्वे सुरक्षित होती आणि जलवाहतूक पुन्हा सुरू करण्यात आली. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छला उर्वरित गुजरातशी जोडणाऱ्या सुरजबारी पुलाचे नुकसान झाले आणि मदतकार्य अत्यंत निकडीचे असतानाच त्यावरील वाहतुकीवर मर्यादा आली. ज्या प्रदेशात शिरण्याच्या वाटा मोजक्या, तेथे एक पूल म्हणजे सारा प्रदेश.

डोंगराळ भागात तर पूल शाबूत राहूनही वाट बंद पडते. २०१५ च्या नेपाळमधील भूकंपात काठमांडूहून तिबेटकडे जाणारा महामार्ग दरडींनी गाडला गेला. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस ज्या भूमीने हादरा दिला, तिच्याच परिसरातून कराड-चिपळूण रस्ता कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. अशा रस्त्याचा हिशेब करताना पुलांसोबत घाटातील कडे, भराव व संरक्षक भिंतीही मोजाव्या लागतात.

आधी कोणता पूल?

आता विषयाचा सर्वांत अवघड भाग. पैसा मर्यादित असतो. मग दुरुस्तीच्या यादीत पहिला क्रमांक कोणाचा?

रूढ पद्धत अशी की पुलावरून रोज जाणारी वाहने मोजावीत, पूल बंद पडल्यास किती किलोमीटरचा वळसा पडेल ते पाहावे आणि दोहोंचा गुणाकार करावा. उदाहरणादाखल तीन पूल कल्पू. पहिल्यावरून रोज २०,००० वाहने जातात व वळसा ४ किलोमीटरचा आहे, गुणाकार ८०,०००. दुसऱ्यावरून १५० वाहने जातात व वळसा ३५ किलोमीटरचा, गुणाकार ५,२५०. तिसरा पूल ओढ्यापलीकडील वस्तीचा. त्यावरून माणसे पायी जातात, मुले शाळेत जातात, आजाऱ्याला बाजेवर घालून नेतात. मोटार कोणाकडेच नाही. त्याचा गुणाकार शून्य.

गणितात चूक कोठेही नाही. तरीही ज्या वस्तीला दुसरी वाटच नाही, तिचा पूल यादीत तळाशी गेला. कारण मोजमापाने वाहनांची गणना केली, माणसांची केली नाही. आपल्या गावांची रचना आपण जाणतो. कोणती वस्ती ओढ्याच्या अलीकडे आणि कोणती पलीकडे, हे पाण्याच्या उताराने ठरलेले नाही. ते शतकानुशतकांच्या सामाजिक उतरंडीने ठरले आहे. जुनी विषमता अशा रीतीने एका निरुपद्रवी दिसणाऱ्या सूत्रातून नव्या यादीत उतरते आणि सूत्र मांडणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

याचा अर्थ मोठा पूल मागे ठेवावा असा नव्हे. पलीकडच्या वस्तीतील बाळंतिणीला न्यावयाचे रुग्णालय त्याच मोठ्या पुलापलीकडे असते. तो पडला तर तिचेही नुकसान आहे. म्हणून उपाय मोजमाप टाकून देण्यात नाही, ते पुरे करण्यात आहे. वाहनांच्या गुणाकाराशेजारी आणखी दोन रकाने हवेत. हा पूल पडल्यास किती माणसांची रुग्णालय, पाणी व धान्य यांची वाट पूर्णपणे तुटते? आणि ती वाट किती दिवसांत तात्पुरती का होईना, पुन्हा जोडता येईल? लहान पुलाचे बळकटीकरण पुष्कळदा थोड्या खर्चात होते. कधी पूल न बांधता ओढ्याच्या वरच्या अंगाला उतार नीट केला तरी पर्यायी वाट मिळते.

ओकलंडच्या लोकांनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. कोसळलेला मार्ग जेथे होता तेथेच पुन्हा बांधणे शासनाच्या दृष्टीने सोपे व स्वस्त होते. पश्चिम ओकलंडच्या रहिवाशांनी त्यास विरोध केला. आमच्या वस्तीच्या छातीवरून हा रस्ता पुन्हा नको, अशी त्यांची मागणी होती आणि ती त्यांनी सभांतून, सुनावण्यांतून नेटाने लावून धरली. अखेर नवा मार्ग वस्तीला वळसा घालून, रेल्वेच्या जागेलगत नेण्यात आला. १९९७ मध्ये तो सुरू झाला. खर्च व कालावधी दोन्ही वाढले. ज्या जागी तो दुमजली मार्ग उभा होता, तेथे आज झाडांच्या रांगा असलेला रुंद रस्ता आहे आणि त्यास नेल्सन मंडेला यांचे नाव आहे. भूकंपाने रस्ता पाडला. तो पुन्हा कोठे उभा राहावा हे मात्र संघटित माणसांनी ठरवले.

दुरुस्तीचा लाभ किती होतो, याचा पुरावा पुढे पाच वर्षांतच मिळाला. लोमा प्रिएटानंतर कॅलिफोर्नियाने अनेक पुलांच्या बळकटीकरणाचा कार्यक्रम आखला. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सात पूल कोसळले. परंतु ज्यांचे बळकटीकरण पुरे झाले होते ते पूल त्याच हादऱ्यात उभे राहिले.

आपल्या हातात काय?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. ते पुराचे कृत्य होते, भूकंपाचे नव्हे. पण धडा समान आहे. वरून दिसणारा पूल आणि न दिसणारा पाया या दोन वेगळ्या गोष्टी असून जुन्या पुलाचे वय हे त्याच्या बळाचे प्रमाणपत्र नसते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही उशिरा का होईना, उत्तर दिले. पूल राहील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण ते ठरवण्यासाठी काय विचारावे लागते, हे तू शिकू शकतोस. सुटीत गावी जाशील तेव्हा एक वही घे. पूल कोणत्या वर्षी बांधला हे वडीलधाऱ्यांना विचार. खांब दगडी आहेत की काँक्रीटचे, काँक्रीट फुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत काय, पुरानंतर पायाजवळची माती वाहून गेली आहे काय, तुळई आधारावर किती रुंद टेकली आहे, हे काठावरून पाहून लिही. पाण्यात उतरू नकोस. पुलावरून एका दिवसात किती माणसे गेली ते मोज, केवळ वाहने मोजू नकोस. दुसरी वाट आहे काय आणि आजाऱ्याला घेऊन त्या वाटेने जाण्यास किती वेळ लागेल, तेही लिही.

दिवाळीच्या सुटीनंतर तो वही घेऊन आला. पेन्सिलीने पुलाचे चित्र काढले होते; एका खांबाजवळ बाण दाखवून "येथे सळई दिसते" असे लिहिले होते. खाली आकडा होता: सकाळी सहापासून सायंकाळी सहापर्यंत माणसे ३१२, बैलगाड्या ४, मोटारसायकली ११. त्या माहितीवरून आम्ही वर्गात बसून ग्रामपंचायतीस व बांधकाम विभागास एक अर्ज लिहिला. अर्जाचे शब्द मुलांचे आहेत, शुद्धलेखन तेवढे आम्ही तपासले. उत्तर अद्याप आलेले नाही. स्मरणपत्र पाठवावयाचे आहे. यंदा आणखी सात विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या पुलांसाठी वह्या नेल्या आहेत.